कमी पैशांतली रायफल

६०० डॉलर. एवढ्यात रायफल, तिच्यावरची दुर्बीण, काडतुसं, शिकारीचा परवाना, नारिंगी जाकीट आणि एक बरी सुरी, सगळं बसवायचं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात पोस्टडॉकच्या पगारावर राहणाऱ्या बाईकडे घरभाडं, गाडीचा विमा आणि कुडाळला पाठवायचे पैसे गेल्यावर याहून जास्त उरत नाही. त्यातून हा माझा छंद वगैरे नव्हता. मला मांस हवं होतं. एका मध्यम हरणातून हाडं काढून वीस-बावीस किलो मांस निघतं, आणि दुकानातल्या बकऱ्याच्या मटणाचा भाव पाहिला की हे गणित कुणालाही सुचेल.

हरणाची शिकार म्हटलं की आपल्याकडे माणूस दचकतो, आणि त्यात वावगं काही नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या १९९१च्या दुरुस्तीने चितळ, सांबर, भेकर सगळ्यांच्या शिकारीला बंदी आली. त्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांसाठी हरीण मारणारा म्हणजे खटल्यातला आरोपी. इथली कथा उलटी आहे. १९००च्या सुमाराला अख्ख्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्याही खाली आली होती असा अंदाज आहे. बाजारात विकण्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने ती संपवली होती. पेनसिल्व्हेनियाने १८९५मध्ये गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यजीवांचं खातं, काढलं आणि १९०६पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून इथल्या जंगलात सोडली. आज देशभरात ती तीन कोटींच्या घरात आहेत. त्यांना खाणारे लांडगे आणि प्यूमा मात्र या डोंगरांतून एकोणिसाव्या शतकातच नाहीसे झाले, ते परत आले नाहीत. परिणाम असा की ओकची रोपं गुडघ्यापर्यंत यायच्या आत फस्त होतात आणि रात्री गाडी चालवताना रस्त्यापेक्षा कडेच्या झुडपांकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. तेव्हा इथे सरकारच माणसाला सांगतं, या, परवाना घ्या, हंगामात मारा. राज्यात राहणाऱ्याला हा परवाना २१ डॉलरच्या आत मिळतो. मादीसाठी वेगळा, तो आणखी सात डॉलरचा. माझ्या यादीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच होती.

व्हिसावर राहणाऱ्याला मात्र क्रम उलटा धरावा लागतो, हे इथल्या पुष्कळ मराठी मंडळींना ठाऊक नसतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायलाच मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे चालू शिकार-परवाना. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. म्हणजे मी आधी शिकारीचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, परवाना काढला आणि मग दुकानात गेले. तिथे ४४७३ नावाचा फॉर्म भरायचा, त्यात आय-९४चा, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीचा, क्रमांक लिहायचा, परवाना दाखवायचा, आणि दुकानदार राज्य पोलिसांकडून तुमची तपासणी करून घेतो. ज्या देशाबद्दल आपण ‘तिथे भाजीसारख्या बंदुका मिळतात’ असं म्हणतो, तिथे माझ्या कागदपत्रांची चळत पाहून दुकानदार मला म्हणाला, ‘बाई, गाडी घेताना एवढं लागलं नसतं.’ लागलं होतं, पण ते असो.

गरिबाने हरणाला कसली रायफल वापरायची, या प्रश्नाचं अमेरिकेतलं जुनं उत्तर होतं: युद्धातून उरलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या कोठारांतून लाखो रायफली इथे आल्या. जर्मन माउझर, इंग्रजी एनफील्ड, इटालियन कार्कानो. मासिकात जाहिरात बघायची, कूपन कापायचं, पैसे पाठवायचे, टपालाने रायफल घरी. गडी लोक हिवाळ्यात तळघरात बसून तिचा लष्करी लाकडी दस्ता कापायचे, घासायचे, नळी छोटी करायचे आणि पुढच्या नोव्हेंबरात तीच रायफल घेऊन रानात जायचे. १९६३मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींवर झाडली गेलेली रायफल याच बाजारातली होती. शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवलेली कार्कानो, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट. १९६८च्या कायद्याने असा टपाली व्यवहार बंद केला आणि लष्करी रायफलींची आयातही अडवली. आयात पुन्हा खुली झाली ती ऐंशीच्या दशकात. पुढे सोव्हिएत संघ कोसळला आणि मोसिन-नागां नावाच्या रशियन रायफली खोकीच्या खोकी भरून आल्या. कितीतरी वर्षं ती शंभर डॉलरच्या आत मिळत होती. आजही लोक ‘बजेट कमी आहे’ म्हटलं की मोसिन सुचवतात. ते कालबाह्य आहे. आता बरी मोसिन घ्यायला गेलं तर नवीन शिकारी रायफलीएवढे पैसे लागतात, आणि वर ती चार फूट लांब, चार किलो जड. मी पाच फूट एक इंच. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो तर कोण कुणाला घेऊन शिकारीला चाललंय हे सांगता आलं नसतं.

जुन्या लष्करी रायफलींच्या रांगेत मला आपल्याकडची एक भेटली, ती मात्र मी बराच वेळ हातात धरून उभी होते. बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या दांड्याच्या, खालच्या धातूच्या कड्यावर अशोकस्तंभाचे सिंह, खाली आर.एफ.आय. अशी अक्षरं आणि १९६०च्या दशकातलं साल. रायफल फॅक्टरी, ईशापूर. १९६२च्या युद्धानंतर भारताने जुन्या एनफील्डचाच आराखडा घेतला, पोलाद सुधारलं आणि ती ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवली. त्यांनाच इथे ईशापूर २ए आणि २ए१ म्हणतात. नंतर लष्कराला नकोशा झालेल्या पुष्कळशा विकल्या गेल्या आणि समुद्र ओलांडून या दुकानांत येऊन पडल्या. तिची थोरली बहीण म्हणजे थ्री नॉट थ्री. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. २००८च्या २६ नोव्हेंबरला सीएसटीवरच्या रेल्वे पोलिसांकडेही त्याच होत्या. शेजारच्या खोक्यात सुटी थ्री नॉट थ्री काडतुसं होती. काहींच्या बुडावर के.एफ. ही अक्षरं. दुकानदाराला ती कुठली ते माहीत नव्हतं. मी सांगितलं की हा खडकीचा कारखाना, पुण्यात. लोकल त्याच्याजवळून जाते. त्याला पुणे ठाऊक नव्हतं, पण त्याने मान डोलावली.

मन ओढ घेत होतं, तरी ती रायफल मी खाली ठेवली, आणि कारणं भावनेची नव्हती. एक तर वजन. दुसरं म्हणजे तिच्यावर दुर्बीण बसवायची सोय नाही. भोकं पाडून बसवायची तर रायफलीची किंमत मातीत जाते आणि कारागिराची मजुरी वेगळी. तिसरं म्हणजे स्वस्त लष्करी काडतुसांच्या मोहाने जी माणसं या वाटेला जातात, त्यांना ती काडतुसं हरणाला वापरताच येत नाहीत. लष्करी गोळी तांब्याच्या पूर्ण कवचातली असते. ती हरणातून सरळ आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन मैलभर पळतं. शिकारीला आत शिरल्यावर पसरणारीच गोळी हवी, कायदाही तसंच सांगतो. शिवाय जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने नळीत क्षार बसतो, तो हवेतली ओल खेचतो आणि त्याच दिवशी पाण्याने धुतलं नाही तर आत गंज धरतो. साठ वर्षं जुनं काडतूस, कोणत्याही देशाचं असो, भरवशाचं नाहीच. म्हणजे स्वस्ताईचा हा मार्ग आता फक्त आठवणींत स्वस्त आहे.

मग खरी स्वस्त रायफल कुठली? याचं उत्तर एका आट्यांच्या नटात आहे, आणि त्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बोल्ट रायफलीत काडतूस नळीच्या मागच्या खोलीत बसतं आणि बोल्टचं तोंड त्याला मागून दाबून धरतं. या दोघांतली फट अगदी मोजून-मापून असावी लागते. जास्त झाली तर काडतुसाचं पितळ फाटू शकतं, कमी झाली तर बोल्ट बंदच होत नाही. जुन्या काळी ही फट जमवायला अनुभवी कारागीर लागे. तो नळी बसवायचा, मोजायचा, काढायचा, थोडं घासायचा, परत बसवायचा. १९३६ची विंचेस्टर ७० अशीच बनायची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, घडीव पोलाद, हाताचं काम. १९६४मध्ये कंपनीने खर्च कमी करायला तिची घडण बदलली तेव्हा शिकारी इतके चिडले की आजही ‘चौसष्टच्या आधीची’ म्हटलं की किंमत वाढते. पण त्याच्या आधीच, १९५८मध्ये, सॅव्हेज कंपनीने ११० नावाची रायफल काढली होती. तिच्यात नळी आणि मागचा सांगाडा यांच्यामध्ये एक आट्यांचा नट. मापाचा गेज आत ठेवायचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवत आणायची आणि नट कसून टाकायचा. झालं. वीस वर्षांच्या कारागिराचं काम साधा प्रशिक्षित कामगार काही मिनिटांत करू लागला, आणि अचूकता गेली नाहीच, उलट सॅव्हेजच्या रायफली दिसायला ओबडधोबड पण नेमाला पक्क्या म्हणून नाव काढून बसल्या.

आजच्या बहुतेक स्वस्त रायफलींची मुळं इथे आहेत. सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट ही गेल्या पंधरा-एक वर्षांतली नावं. दस्ता साच्यातून काढलेला प्लॅस्टिकचा, बाहेरचं पॉलिश जेमतेम, बोल्ट थोडा खरखरीत. ॲक्सिसचा दस्ता पुढच्या बाजूला इतका लवचिक असतो की दोन बोटांनी दाबला तर नळीला टेकेल असं वाटतं. पण नळी सरळ आहे, फट बरोबर आहे, आणि शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचाच्या आत पडतात. माझ्या मते बाकी सगळी चर्चा इथेच थांबायला हवी. कारण हरणाच्या छातीतला तो भाग, जिथे काळीज आणि फुप्फुसं आहेत, तो साधारण आठ इंचांचा असतो. पेनसिल्व्हेनियाच्या झाडीत शंभर यार्डांपलीकडे दिसतच नाही. आठ इंचांच्या जागेसाठी पाऊण इंचाची रायफल घ्यायची की दीड इंचाची, यावर माणसं रात्र-रात्र भांडतात. थंडीत कुडकुडत, धापा टाकत, उभ्याने धरलेल्या माझ्या हाताची चूक यातल्या कुठल्याही आकड्याहून मोठी असते.

शेजारचे आजोबा या बाबतीत माझे सल्लागार. अल्टूनाच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे वडिलांची रेमिंग्टन ७६० आहे, पुढचा लाकडी भाग मागे-पुढे ओढून काडतूस भरायची पंप रायफल. पेनसिल्व्हेनियात हरणाला अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही, म्हणून भराभर मारता येईल अशी ही पंप इथे फार खपली. तिला गमतीने ‘आमिश मशीनगन’ म्हणतात; आमिश म्हणजे आधुनिक यंत्रं टाळणारा इथला ख्रिस्ती पंथ. आजोबांचं मत असं की जगात एकच काडतूस आहे, थर्टी-ऑट-सिक्स, १९०६ सालचं, आणि बाकीची सगळी जाहिरातवाल्यांनी काढली आहेत. त्यांची रायफल मी झाडून पाहिली. पहिल्या बारानंतर खांदा गेला, दुसऱ्या बाराला चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटले. कुठलंही काडतूस निवडताना पाहायची गोष्ट हीच. धक्क्याची भीती अंगात शिरली की नेम कायमचा बिघडतो, आणि मग रायफल हजाराची असली काय नि तीनशेची असली काय.

मी २४३ विंचेस्टर घेतलं. १९५५चं काडतूस, त्याचा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या निम्म्याच्या आसपास. शंभर ग्रेनची (म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपासची) गोळी हरणाला पुरते, अस्वलाला पुरत नाही. मला अस्वल मारायचं नव्हतं. ३०८ आणि ७ एमएम-०८ हीसुद्धा चांगली, आणि ३०८ तर कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळतं, ही लहान गोष्ट नव्हे. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी काडतुसं संपली आणि गावात तुमचं विचित्र मापाचं काडतूस नसलं तर स्वस्त रायफल म्हणजे नुसती काठी. नव्याने निघालेल्या फॅशनेबल काडतुसांपासून कमी पैसेवाल्याने लांब राहावं ते यासाठीच.

बायकांसाठी आणि एकूणच बुटक्या माणसांसाठी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर बहुतेक रायफलींत साडेतेरा-पावणेचौदा इंचांचं असतं. ते सहा फुटी अमेरिकन पुरुषाच्या हाताचं माप. माझ्या हातात अशी रायफल आली की मान पुढे काढून दुर्बिणीत डोळा घालावा लागायचा. वर जाडजूड जाकीट घातलं की आणखी वाईट. कॉम्पॅक्ट किंवा यूथ नावाने जे प्रकार मिळतात त्यांत हे माप साडेबारा इंचांच्या आसपास असतं. आणि याच यूथ रायफलींत कमी पैसेवाल्याचं नशीब दडलेलं आहे. बाप हौसेने बारा वर्षांच्या मुलाला रायफल घेऊन देतो, मुलगा दोन हंगाम वापरतो, मग वर्षात वीतभर वाढतो आणि रायफल त्याला आखूड पडते. ती दुकानात येते जवळजवळ नवी. ती घ्यायला दुसरं कुणी येत नाही, कारण मोठ्या पुरुषाला ती खेळण्यासारखी वाटते. हंगाम संपल्यावर जानेवारीत अशी एक रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट, २४३मधली, मला ३१० डॉलरला मिळाली. दुर्बीण वेगळी. एका चौदा वर्षांच्या मुलाला लहान झालेली वस्तू मला अंगासरशी बसली, याचा दुकानदाराला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

जुनी रायफल घेताना काय पाहावं, हे थोडक्यात. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघायचं, आतले पीळ स्वच्छ आणि धारदार दिसले पाहिजेत. नळीच्या तोंडाची कड नखाने तपासायची. तिथे ठोकर बसलेली असेल तर गोळी बाहेर पडतानाच वाकडी होते. स्क्रूंची डोकी खाल्लेली दिसली की समजायचं, आधीच्या मालकाला फार हौस होती. लाकडी दस्ता असेल तर बोल्टच्या मागे चीर पाहायची. सेफ्टी दोन-तीनदा लावून काढून बघायची. बाहेरचे ओरखडे, पॉलिश उडालेलं, यावर भाव पाडून घ्यायचा आणि मनातून विसरून जायचं.

दुर्बिणीवर इथली जुनी शिकवण अशी की रायफलीएवढेच पैसे तिच्यावर घालावेत. माझ्यासारखीला ते झेपत नाही, पण त्यामागचा विचार खरा आहे. रायफलीसोबत फुकट मिळणाऱ्या दुर्बिणी धक्क्याने जागा सोडतात, आणि हरणं दिसतात ती पहाटे आणि सांजेला, जेव्हा स्वस्त काचेत सगळं राखाडी दिसतं. तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, चाळीस मिलिमीटरच्या भिंगाची साधी दुर्बीण दीडशे डॉलरच्या आत बरी मिळते. याहून जास्त पट हवेत असा जो आग्रह धरतो तो वाळवंटात शिकार करत असावा.

आता हिशोब करा. रायफल ३१०, दुर्बीण आणि ती बसवायच्या कड्या मिळून १४०, परवाने २८. उरले सव्वाशेच्या आत-बाहेर. इथे बहुतेक लोक चाकू, बूट, हरणाच्या मुताच्या बाटल्या (हो, विकतात, वासाने नर येतो म्हणे) यांत पैसे घालतात आणि काडतुसांची एक डबी घेतात. वीस काडतुसं. सहा-सात दुर्बीण जुळवण्यात जातात, उरलेली खिशात. अशी माणसं दर वर्षी रानात असतात, आणि दर वर्षी रक्ताचा माग पाऊण मैल नेऊन ओढ्यापाशी हरवतो. रायफल स्वस्त घेतली म्हणून नव्हे, काडतुसं महाग वाटली म्हणून. माझा या विषयावर काही आग्रह असेल तर तो एवढाच. रायफलीत जे वाचेल ते काडतुसांत घालावं, आणि चाकूत वाचेल तेही. चुकलेल्या गोळीची किंमत शिकारी देत नाही, जनावर देतं. आठवडाभर फाटलेलं पोट घेऊन फिरतं आणि मग कोल्ह्यांच्या वाट्याला जातं.

सरावाचीही स्वस्त तऱ्हा आहे. २४३चं एक काडतूस दीड डॉलरच्या आगेमागे पडतं, पॉइंट टू-टू या छोट्या रायफलीचं दहा सेंटांच्या आसपास. आजोबांनी त्यांची जुनी टू-टू वापरायला दिली. राज्याच्या गेम लँडवर, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनीवर, नेमबाजीची मोकळी मैदानं आहेत, शिकारीचा परवाना असला की तिथे वेगळे पैसे नाहीत. उन्हाळाभर शनिवारी सकाळी तिथे जाऊन कागदी बशा लावायच्या. बशी साधारण आठ इंचांची असते, म्हणजे हरणाची छातीच. बाकावर रायफल टेकवून मारण्यात काही शिकायला मिळत नाही. ती रायफलीची परीक्षा, माझी नव्हे. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, उभ्याने, अशा तऱ्हांनी मारायचं. ज्या अंतरावर आणि ज्या बैठकीत सगळ्या गोळ्या बशीत पडतात ती आपली मर्यादा. उभ्याने माझी पन्नास यार्डांच्या पुढे जात नाही. त्यापुढचं हरीण, कितीही शिंगांचं असो, माझं नाही. घरी रिकाम्या रायफलीचा बोल्ट तीनदा तपासून भिंतीवरच्या ठिपक्याकडे चाप ओढण्याचा सराव तर फुकट असतो. स्वस्त रायफलींची नळी बारीक असते, लवकर तापते, तीन गोळ्यांनंतर गोळ्या सरकायला लागतात. मग गार होईपर्यंत थांबायचं, डबा उघडायचा, पोहे खायचे. हरणाला चौथी गोळी लागायची वेळ सहसा येत नाही.

एक गोष्ट मला आवडली ती या सगळ्याच्या पाठीमागची पैशांची व्यवस्था. अमेरिकेत लांब नळीच्या प्रत्येक बंदुकीवर आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, आणि १९३७च्या कायद्यामुळे तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडेच जातो. ज्या मैदानावर मी बशा फोडत होते ते मैदान, ज्या जंगलात मी मचाणावर बसले ते जंगल, यात त्या कराचे पैसे आहेत. मोठ्या शिकाऱ्याच्या तीन हजाराच्या रायफलीतून जास्त जातात, माझ्या काडतुसांतून चिमूटभर. पण जातात.

हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी उघडतो. २०१८पर्यंत सोमवारी उघडायचा, आणि कितीतरी शाळा अजूनही त्या सोमवारी सुट्टी देतात. अंगावर २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड सक्तीचं. मी रस्त्याचं काम करणाऱ्यांचं जाकीट आणि टोपी घेतली होती, शिकारीच्या दुकानापेक्षा निम्म्या किमतीत, रंग तोच. मादी आली ती दुपारी, चाळीस-एक यार्डांवर, मी मचाणावरून उतरून सफरचंद खात बसले होते तेव्हा. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. बशीत पडायची तशी गोळी पडली आणि ती साठ पावलांत बसली. पुढचे तीन तास आतडी काढणं, ओढत रस्त्यापर्यंत आणणं आणि गाडीत चढवणं यात गेले, आणि ते काम कुठल्याही रायफलीने सोपं होत नाही. खाटीक कापून द्यायला शंभराच्या वर घेतो, म्हणून आजोबांच्या गॅरेजमध्ये आम्हीच कापलं. हरणाच्या चरबीची चव जिभेला मेणासारखी चिकटते, ती सगळी काढून टाकावी लागते. पुढचे पाय कुकरमध्ये, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात. मागच्या मांडीचं सुकं. आजोबांनी सुकं खाल्लं, घाम पुसला आणि डबा भरून मागितला.

त्या रविवारी कुडाळला काकाला फोन केला. काकाकडे पीक-संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. दर निवडणुकीला ती पोलिसात जमा करावी लागते, आणि काकाचं ठाम मत आहे की रानडुकरांना आचारसंहितेच्या तारखा कळतात.

‘थंय हरणा मारूक देतत गो?’ त्याने विचारलं. ‘हंय भेकराक हात लावलो तर जेलात घालतीत.’

मी सांगितलं, देतात, परवाना काढला.

‘मगे बंदूक कसली घेतलंस?’

लहान मुलाची जुनी, म्हटलं. पलीकडे काकी हसल्याचं ऐकू आलं. काका हसला नाही. ‘किती बार काढलंस?’ एक, म्हटलं. मग त्याने दारूचं माप, छऱ्याचा आकार असलं काहीबाही विचारलं, जे माझ्या रायफलीला लागूच नाही, आणि तरी मी उत्तरं देत राहिले. ‘वाटो कोणाक दिलंस?’ हे शेवटी विचारलं. शेजाऱ्याला, म्हटल्यावर त्याचं समाधान झालं.

यंदाच्या यादीत रायफलही नाही आणि दुर्बीणही नाही. परवाने २८ डॉलर, २४३च्या तीन डब्या, गेल्या वर्षीच्याच कंपनीच्या आणि त्याच वजनाच्या गोळीच्या, म्हणजे दुर्बीण पुन्हा जुळवायला नको. टू-टूची मोठी डबी आजोबांना परत करायची आहे. उरलेल्या पैशांत जुना डीप फ्रीझर घ्यायचा विचार आहे. पलीकडच्या गल्लीत एक जण विकतोय, साठ म्हणतोय. दाराचं रबर थोडं फाटलंय, चाळीसला देईल.